सनद आणि वहिवाट : रस्त्यांची नावे आणि शांतिसैनिक

अध्यक्षमहाराज, व्याख्यानमालेचे चालक, आणि डिलाईल रोडच्या बंधुभगिनींनो,

शेवटचे संबोधन मी समजून-उमजून केले आहे. आजच्या सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर स्थळाचा पत्ता ‘ना. म. जोशी मार्ग’ असा छापलेला आहे आणि तो कायदेशीर आहे. परंतु आपल्यापैकी जे टॅक्सीने आले असतील त्यांनी चालकाला काय सांगितले, हे मी विचारीत नाही. २०१८ सालच्या जुलैत लोअर परळचा रेल्वेवरचा पूल धोक्याचा म्हणून बंद झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तो पुरता खुला झाला. त्या पाच वर्षांत आपण जे हाल सोसले त्यांची कैफियत वर्तमानपत्रांनी वेळोवेळी मांडली, आणि ती मांडताना त्या पुलाला त्यांनी ‘डिलाईल पूल’ असेच म्हटले. ज्या गोऱ्या अंमलदाराचे हे नाव, तो कोण, कोठला, त्याने या भागात काय केले, हे ठाऊक असलेली दहा माणसे या सभागृहात निघतील असे मला वाटत नाही. तरीही नाव टिकले. माणूस पुसला गेला आणि नाव उरले, असा हा प्रकार आहे.

आपल्या जुन्या महसुली दफ्तरांत जमिनीवरच्या हक्काचे दोन आधार असत : एक सनद आणि दुसरी वहिवाट. सनद म्हणजे सरकारचा शिक्कामोर्तब केलेला कागद. वहिवाट म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीतून नांगर फिरला, त्या वाटेने गुरे गेली, त्या विहिरीवर मोट चालली, याची गावाने दिलेली साक्ष. पुष्कळ तंट्यांत सनद एकाकडे आणि वहिवाट दुसऱ्याकडे असे, आणि मग मामलेदाराच्या कचेरीत वर्षानुवर्षे तारखा पडत. रस्त्याच्या नावाचेही असेच आहे. आपल्या या रस्त्याची सनद नारायण मल्हार जोश्यांकडे आहे आणि वहिवाट डिलाईलसाहेबाकडे आहे. सैन्यातून शांतिरक्षणासाठी परदेशी गेलेल्या माणसांची नावे वस्तीतल्या रस्त्यांना द्यावीत की काय, आणि द्यायची तर कोणत्या रस्त्यांना, हा मला नेमून दिलेला विषय आहे. त्याचा विचार करताना हा सनद-वहिवाटीचा भेद आपण हाताशी ठेवला पाहिजे.

आरंभी ज्यांच्याकडे सनद आहे त्यांच्याविषयी दोन शब्द बोलणे मला कर्तव्य वाटते. कारण आपण त्यांच्या नावाने पत्ता लिहितो आणि त्यापलीकडे त्यांची आठवण काढीत नाही. जोश्यांचा जन्म ५ जून १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. भारत सेवक समाजाचे ते सभासद. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, आणि १९२६ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची युनियन त्यांनी उभी केली. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे साल १९१९ हे आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस व्हर्साय येथे जो तह झाला त्याच तहाने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना जन्माला घातली, आणि त्या संघटनेच्या घटनेच्या पहिल्याच वाक्याचा आशय असा आहे की जगात चिरस्थायी शांतता नांदायची तर ती सामाजिक न्यायाच्या पायावरच उभी राहू शकेल. त्या संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, आणि हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तेथे गेले ते आपले जोशी. म्हणजे तोफांचा धूर पुरता विरला नसताना, शांतता कशाने टिकते याचा विचार करण्यासाठी जी माणसे जमली, त्यांत या रस्त्याचा नावधारी बसलेला होता. शांतिरक्षकाचे नाव या रस्त्याला द्यावे अशी मागणी उद्या कोणी केलीच, तर ते एका अर्थाने आधीच दिले गेले आहे, असे उत्तर मी त्याला देईन.

मुंबईच्या नामकरणाची एक गंमत माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळते आहे. या शहराने सैनिकी पदव्या मुक्तहस्ताने वाटल्या, पण त्या बहुधा सैनिकांना दिल्याच नाहीत. तुळशी पाइप रोडचे नाव सेनापती बापट मार्ग. ते सेनापती कोणत्या पलटणीचे म्हणाल, तर मुळशी पेट्यातल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाणार होत्या त्यांच्या सत्याग्रहाचे. फोर्टातल्या रस्त्याला वीर नरिमन यांचे नाव. ते वीर पेशाने वकील. काळबादेवीच्या बाजूला बाबू गेनू मार्ग आहे. १९३० च्या १२ डिसेंबरला विलायती कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली चिरडला गेलेला तो गिरणी कामगार कधी शिपाई नव्हता. जे कधी कोणत्या पलटणीत नव्हते त्यांना आपण वीर म्हटले, सेनापती म्हटले, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. किंबहुना या शहराच्या विवेकाचे ते भूषण आहे. परंतु या व्यवहाराची दुसरी बाजू अपुरी राहिली आहे. निःशस्त्रात शूर ओळखणाऱ्या शहराने सशस्त्रातला शांत अजून पुरता ओळखलेला नाही.

पुरता नाही असे म्हणालो, कारण एक अपवाद आहे, आणि तो येथून फार दूर नाही. वडाळ्यात साऊथ इंडियन्स वेल्फेअर सोसायटीचे महाविद्यालय ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचे नाव मेजर आर. परमेश्वरन मार्ग. रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचाच, १३ सप्टेंबर १९४६ चा. शिक्षणही येथलेच, शीवच्या एस. आय. ई. एस. महाविद्यालयातून १९६८ साली ते विज्ञानाचे पदवीधर झाले. १९७२ साली सैन्यात अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली ती महार रेजिमेंटमध्ये. १९८७ च्या २९ जुलैला भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि त्या करारान्वये आपली शांतिसेना त्या बेटावर उतरली. परमेश्वरन तेथे आठव्या महार पलटणीबरोबर होते. २५ नोव्हेंबरच्या रात्री, जाफना भागात एका गावाची झडती संपवून त्यांची तुकडी परतत असता, दबा धरून बसलेल्या बंडखोरांनी तिच्यावर गोळीबार केला. त्यांनी तुकडीसह वळसा घालून मागच्या बाजूने हल्लेखोरांना गाठले. हातघाईच्या लढाईत छातीत गोळी लागली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले, आणि प्राण जाईपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

या एका पाटीत किती गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत ते पाहा. मुंबईत वाढलेला दाक्षिणात्य कुटुंबातला तरुण. त्याची रेजिमेंट ती, जी १९४१ साली बाबासाहेब आंबेडकरांनी लावून धरलेल्या मागणीमुळे बेळगावात उभी राहिली आणि जिच्या पहिल्या जवानांत परळ-वरळीच्या चाळींशी नाते सांगणारी घरे थोडी नव्हती. तो ज्या बेटावर गेला तेथल्या तमिळ जनतेच्या रक्षणाचे कलम त्या करारात होते. आणि तो पडला तो तमिळ बंडखोरांच्याच गोळीने. असा हा गुंता दक्षिणी मंडळींनी उभारलेल्या महाविद्यालयाच्या दारात निळ्या पाटीवर शांतपणे उभा आहे, आणि तेथून रोज जाणारे विद्यार्थी त्या पाटीखाली बसची वाट पाहतात. त्यांना यातले काही ठाऊक नसेल, याचा मला राग नाही. पाटीवर नावाखेरीज काही लिहिलेलेच नाही, तर त्यांना ठाऊक व्हावे कसे?

‘शांतिसेना’ हा शब्दही आपल्याला थोडा थांबवणारा आहे. १९५७ साली विनोबांनी केरळात शांतिसेना स्थापन केली ती निःशस्त्र सेवकांची. दंगल उसळली तर मध्ये जाऊन उभे राहायचे आणि प्रसंगी मार खायचा, एवढेच तिचे शस्त्र. तोच शब्द तीस वर्षांनी सरकारने रणगाडे, तोफा आणि हेलिकॉप्टरे घेऊन गेलेल्या फौजेला लावला. शब्दांचा असा संसार विनोबांना कितपत रुचला असता कोण जाणे. ती फौज शांतता राखायला गेली आणि लढत राहिली. अकराशेंहून अधिक जवान तेथे पडले. तिच्या काही वर्तनाबद्दल त्या बेटावर गंभीर तक्रारी झाल्या, आणि त्या तक्रारी नव्हत्याच असे म्हणणाऱ्यांत मी नाही. १९९० च्या मार्चमध्ये अखेरच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या तेव्हा तेथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत.

आमच्या चाळीतला एक हवालदार त्याच सुमारास घरी आला. त्याच्या पलटणीचा नंबर आम्हा मुलांना पाठ होता, कारण साताऱ्याच्या त्याच्या घरून येणारी पत्रे तिकडे पाठवताना पत्ता मीच लिहीत असे. माझे अक्षर बरे म्हणून मजल्यावरच्या सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे येत. कारगिलहून परतलेल्या जवानांच्या पुढे अनेक गावांत वाद्ये वाजली. ती वेळ दहा वर्षांनी यायची होती. हा हवालदार आला तो एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन, दुपारी, बरेच लोक कामाला गेलेले असताना. गिरण्यांचा संप होऊन आठ वर्षे झाली होती, आणि चाळीला आपलेच दुःख पुरेसे होते. आम्ही त्याला लढाईच्या गोष्टी विचारल्या, तर तो म्हणाला, आम्ही लढाईला कुठे गेलो होतो, आम्ही शांततेला गेलो होतो. तो चेष्टा करीत होता की खरे बोलत होता, हे मला आजतागायत कळलेले नाही. पुढे एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहण्याचे काम त्याला मिळाले, आणि त्या कामात मात्र त्याला कधी गोळी झाडावी लागली नाही.

युद्धाची स्मृती ठेवणे समाजाला सोपे जाते. युद्धात काही घडते. किल्ला घेतला जातो, पूल उडवला जातो, तारीख ठरते, आकडा ठरतो. शांतिरक्षणाचे यश याच्या नेमके उलट असते : ज्या दिवशी ते साधले त्या दिवशी सांगण्यासारखे काहीच घडलेले नसते. म्हणून आपण शांतिसैनिकाला ओळखतो तेही तो मेल्यावर, म्हणजे शांतता ज्या घटकेला मोडली त्या घटकेला. परमेश्वरन यांना रस्ता मिळाला तो न्यायानेच मिळाला. १९६१ च्या ५ डिसेंबरला काँगोतील एलिझाबेथव्हिल येथे संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया सोळा गुरख्यांनिशी नव्वदांच्या घरातल्या शत्रूवर चालून गेले आणि पडले. तेथे तंटा होता तो रस्त्यावर घातलेल्या अडथळ्याचा, तो हटवून वाट मोकळी करायची होती. अशा माणसाचे नाव रस्त्याला शोभेल, यात शंका नाही. परंतु जो मेला नाही, ज्याने मरू दिले नाही, त्याचे काय?

म्हणून मला आज शंकरराव थोरातांविषयी विस्ताराने बोलायचे आहे. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूरकडच्या वडगावचे; जन्म १९०६ चा. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे जी घनघोर लढाई झाली तिच्यात हिंदी ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नेतृत्व तीन हिंदी अधिकाऱ्यांकडे होते : थोरात, तिमय्या आणि सेन. तिघांनाही डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. म्हणजे थोरातांना लढता येत नव्हते म्हणून ते शांततेकडे वळले, असा कोणी समज करून घेऊ नये. आठ वर्षांनी कोरियाचे युद्ध थांबले तेव्हा एक विलक्षण पेच शिल्लक राहिला. सुमारे साडेबावीस हजार चिनी आणि उत्तर कोरियाई युद्धकैदी असे होते की ज्यांनी मायदेशी परत जाण्यास नकार दिला होता; उलट बाजूचे असे नकार देणारे साडेतीनशेंच्या वर होते. त्यांना ताब्यात कोणी ठेवायचे, त्यांची खरी इच्छा कोणी आणि कशी जाणून घ्यायची? तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे तिमय्यांकडे आले, आणि कैद्यांच्या रखवालीसाठी जी भारतीय फौज गेली तिचे सेनापतित्व थोरातांकडे आले.

तेथवर पोहोचणेच अवघड होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे बजावले होते. तेव्हा इंचॉनच्या समुद्रात थांबलेल्या जहाजांवरून आपले जवान हेलिकॉप्टरांनी उचलून निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. तेथे त्यांनी आपली छावणी वसवली आणि तिला हिंदनगर हे नाव दिले. परमुलखात, कोणाचाच अंमल नसलेल्या त्या जमिनीच्या पट्टीवर पाऊल टेकताच या माणसांनी पहिल्यांदा जागेला नाव दिले, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. त्या कैद्यांच्या तारांमागे दोन्ही पक्षांचे हस्तक होते, दहशत होती, गुप्त मारहाण होती. १९५३ च्या सप्टेंबरात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आत नेले आणि ओलीस धरले. बाहेर भारतीय पलटण बंदुका रोखून तयार होती. थोरात मोजक्या सोबत्यांसह तारांच्या आत गेले, क्षुब्ध जमावात उभे राहिले, बोलत राहिले, आणि त्या मेजरला परत घेऊन बाहेर आले. त्या दिवशी गोळी झाडली गेली नाही. पुढच्या काही दिवसांत एक-दोन प्रसंगी ती झाडावी लागली आणि कैदी दगावले, हेही नमूद केले पाहिजे, नाहीतर मी चरित्र सोडून स्तोत्र म्हणतो आहे असे होईल. या कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला, ज्याला आपण आज कीर्तिचक्र म्हणतो. दोन्ही बाजूंना नाकारणारे ८८ कैदी १९५४ साली त्याच फौजेबरोबर जहाजाने भारतात आले. थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष.

त्यांचे सहकारी तिमय्या यांचे दैव नावाच्या बाबतीत अधिक उदार निघाले. सरसेनापतिपदावरून निवृत्त झाल्यावर ते १९६४ साली संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख म्हणून सायप्रसला गेले, आणि तेथेच १९६५ च्या १८ डिसेंबरला कामावर असताना त्यांचे निधन झाले. सायप्रसने त्यांचे चित्र टपाल तिकिटावर छापले, आणि लार्नाका शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव दिले. कूर्गच्या डोंगरातला हा माणूस ग्रीक लिपीत लिहिला जातो आणि तेथली माणसे त्या नावाने पत्ते सांगतात. एका भांडणात सापडलेल्या परक्या बेटाने त्याला सनदही दिली आणि वहिवाटही दिली, आणि आपण मात्र आपल्याच माणसांचा विचार करायला आज येथे जमलो आहोत.

आता डिलाईल रोडकडे परत येतो. आपल्यापैकी कित्येकांचा जन्म ज्या बी. डी. डी. चाळींत झाला त्या १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबई विकास खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ चाळी, त्यांतल्या ३२ आपल्या. चार मजल्यांच्या, मजल्यावर वीस खोल्यांच्या, खोली १६० चौरस फुटांची. बांधताना त्या चाळींना कोणी नावे दिली नाहीत. नंबर दिले, आणि त्या नंबरांनीच शंभर वर्षे नावाचे काम केले. ‘अमक्या नंबरचा’ म्हटले की माणूस, त्याचा कबड्डीचा संघ, त्याचा गणपती आणि त्याचा राजकीय कल हे सगळे कळत असे. म्हाडाच्या पुनर्विकासात त्या चाळी आता एकामागून एक जात आहेत आणि जेथे नंबर होते तेथे मनोरे उभे राहत आहेत. मनोऱ्यांच्या मधून जे रस्ते निघतील त्यांना आज सनदही नाही आणि वहिवाटही नाही.

माझी सूचना एवढीच आहे की शांतिसैनिकांची नावे द्यायची तर ती या नव्या, अजून कोणाच्या ओठी न बसलेल्या वाटांना द्यावीत. जुन्या रस्त्याचे नाव पुसून नवे लावण्याला माझा विरोध आहे. डिलाईलसाहेबाचा मला पुळका नाही. पण असे पुसलेले नाव लोकांच्या तोंडात चोरासारखे राहते आणि नव्याला कायमचे उपरे करून ठेवते. जोश्यांचे आपण तेच केले. नव्या वाटेवर मात्र पहिल्या दिवशी राहायला आलेली बाई पहिल्या गॅसजोडणीला, पहिल्या शाळाप्रवेशाला, पहिल्या लग्नपत्रिकेला जो पत्ता लिहील तोच पुढे चालेल. आणि पाटीवर नुसते नाव नको. थोरात असतील तर खाली एक ओळ असावी : कोरिया, १९५३, हिंदनगर. सलारिया असतील तर काँगोचे नाव आणि साल. पाटी म्हणजे शिलालेख नव्हे, हे मी जाणतो. पण आपल्या चौकाचौकांतून, ज्यांची एकमेव पुण्याई म्हणजे कोणा नगरसेवकाचे वडील असणे, अशांच्या संगमरवरी शिळांवर वीस-वीस ओळी कोरलेल्या मी वाचल्या आहेत. त्या मानाने ही एक ओळ काटकसरीचीच आहे.

कोणी विचारील, कोरिया आणि काँगो यांचा डिलाईल रोडशी काय संबंध? संबंध आपल्या मनिऑर्डरींचा आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या ज्या घरांतून एक मुलगा गिरणीत आला त्याच घरांतून दुसरा पलटणीत गेला. एकाच अंगणात महिन्याच्या सुरुवातीला दोन मनिऑर्डरी येत, एक परळच्या टपालकचेरीतून आणि एक ‘लष्करी टपाल’ असा शिक्का घेऊन. दुसऱ्या मनिऑर्डरीवर गावाचे नाव नसे. तो मुलगा गाझात आहे की मणिपुरात कांगपोकपीला, हे बापाला पुष्कळदा सुटीवर आल्यावरच कळत असे.

नामकरणाचा प्रस्ताव प्रभाग कचेरीतून समितीकडे आणि समितीकडून सभागृहाकडे जातो, तेथे ठराव होतो, आणि १८८८ च्या महापालिका अधिनियमाखाली तो अमलात येतो. हे रस्ते महापालिकेच्या ताब्यात येईपर्यंत काही काळ जाईल, तोवर अर्जाचा मसुदा तयार व्हायला हरकत नाही. येथल्या मंडळींनी मनावर घेतले तर तो लिहून देण्याचे काम मी आनंदाने पत्करतो. पत्ते लिहिण्याची सवय जुनीच आहे. सुदैवाने आपली जी-दक्षिण विभागाची कचेरी याच रस्त्यावर, धनमिल नाक्याला आहे. अर्जाच्या माथ्यावर मी ‘ना. म. जोशी मार्ग’ असे स्वच्छ अक्षरांत लिहीन, आणि तो घेऊन निघताना टॅक्सीवाल्याला डिलाईल रोडला ने म्हणून सांगेन.